अभ्यास होऊन राहिला, पण ताण जाऊन नाही राहिला : काय करायचं, पायरी पायरीनं

नागपुरात नंदनवन भागात आमची एक अभ्यासिका आहे. चौसष्ट खुर्च्या, दोन दांडगे कूलर, एक पाण्याचा फिल्टर आणि जिन्यात चपलांचा ढीग. नीट-जेईईवाली पोरं, एमपीएससीवाले, पोलीस भरतीवाले असे सगळे इथे बसतात. निम्मे तरी भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडून आलेले, खोली करून राहणारे. मी मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि नंतर हा उद्योग सुरू केला. त्यामुळे पोरं खुर्चीवरून उठून जिन्यात येऊन बसली की मला ते लगेच दिसतं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जिन्यात येऊन बसणारा मुलगा कमी अभ्यास करणारा असतोच असं नाही. पुस्तकं तीच, क्लास तोच, ऊन तेच. तरी एक जण टिकतो आणि दुसरा ढासळतो. टिकणाऱ्याकडे असतात त्या चार-सहा मानसिक सवयी, आणि त्या शिकता येतात. त्या कशा शिकायच्या ते खाली क्रमानं लिहिलंय. सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात पहिल्या दोन पायऱ्या केल्या तरी भरपूर झालं.

पायरी १ : ताण कागदावर उतरवा

"सर, लय टेन्शन येऊन राहिलं." कशाचं, असं विचारलं की उत्तर येतं, "सगळ्याचंच." या 'सगळ्याचंच'वर कुणालाच काही करता येत नाही, म्हणून आधी ते फोडायचं.

लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाची जी मांडणी केली, ती इथे फार कामी येते. अडचण समोर आली की मन दोन हिशेब करतं. यात माझं किती नुकसान आहे, हा एक. आणि याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे, हा दुसरा. पहिला आकडा मोठा आणि दुसरा छोटा वाटला की ताण येतो. म्हणजे परीक्षा तीच असली तरी ताण माणसागणिक वेगळा, आणि दुसरा आकडा वाढवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

संध्याकाळी पंधरा मिनिटं घ्या. एका पानावर जे जे डोक्यात घोळतंय ते लिहून काढा. शुद्धलेखन, क्रम, काही बघू नका. मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा : हातात, अर्धं हातात, हातात नाही.

एका मुलानं माझ्यासमोर केलेला कागद अजून आठवतो. त्यावर सहा ओळी होत्या. ऑरगॅनिक केमिस्ट्री येत नाही. बाबांनी कर्ज काढलं. रूममेट रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहतो. कट-ऑफ वाढला तर? गावात सगळे विचारतात. डोकं दुखतं. आम्ही एकेक ओळ घेतली. रूममेटशी तो चार महिन्यांत एकदाही या विषयावर बोलला नव्हता. इअरफोन लाव आणि दिवा बंद कर, एवढंच सांगायचं होतं. डोकेदुखीचं कारण चष्म्याचा जुना नंबर निघालं. कट-ऑफ आणि गावाची तोंडं हातात नव्हती. कर्ज त्याच्या हातात नव्हतं, पण त्याबद्दल बाबांशी एकदा मोकळं बोलणं हातात होतं. उरलं ऑरगॅनिक, आणि तो अभ्यासाचा प्रश्न होता. सहापैकी दोन ओळी त्याच आठवड्यात खोडल्या गेल्या.

'हातात नाही' या ओळींचं काय करायचं? त्यांना वेळ ठरवून द्या. बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ही पद्धत तपासली होती : रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात काळजी डोक्यात आली की वहीच्या शेवटच्या पानावर एक शब्द लिहायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. 'साडेसहाला गच्चीवर बघू.' ऐकायला गमतीशीर वाटतं. पण साडेसहाला गच्चीवर गेलं की निम्म्या काळज्यांचा जीवच गेलेला असतो.

पायरी २ : स्वतःला पुरावा द्या

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून जरा सावकाश वाचा.

'मला हे जमेल' हा विश्वास ताणाच्या वेळी सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ पासून यावर काम केलं आणि हा विश्वास कुठून येतो त्याचे चार झरे सांगितले. सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वतः एखादी गोष्ट करून दाखवल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला ती जमलेली पाहणं. तिसरा, विश्वासातल्या माणसाचे शब्द. चौथा, आपलं शरीर आपल्याला काय सांगतं आणि आपण त्याचा अर्थ काय लावतो.

आता आपली पोरं काय करतात? भिंतीवर 'यश माझेच' असा कागद चिकटवतात आणि जेवताना टॉपरच्या मुलाखतींचे व्हिडिओ बघतात. पहिला झरा कोरडा ठेवून बाकीच्यांवर भिस्त. मनाला घोषणेनं फसवता येत नाही. ते पुरावा मागतं.

पुरावा तयार करायची रीत अशी. काम इतकं लहान करा की ते पंचवीस ते चाळीस मिनिटांत संपेल आणि संपलेलं डोळ्यांना दिसेल. 'प्रकाशाचं अपवर्तन करणे' हे काम नव्हे, तो नुसता धडा झाला. 'प्रिझमची पाच गणितं, उत्तरं न बघता' हे काम. दिवसातून अशी सात-आठ कामं ठरवा, वीस नको. वीस ठरवून बारा केली तर मनात आठ राहिल्याची नोंद होते. आठ ठरवून आठ केली तर आठ झाल्याची.

रात्री झोपण्याआधी एका छोट्या वहीत तीन ओळी. आज काय पूर्ण झालं. काल जमत नव्हतं असं आज काय जमलं. उद्याचं पहिलं काम कोणतं. या वहीला आमच्याकडे 'झालं वही' म्हणतात. परीक्षेच्या आधीच्या दिवसांत, 'माझं काहीच झालं नाही' असं वाटायला लागलं की ही वही उघडायची. शंभर दिवसांच्या शंभर नोंदी समोर असताना 'काहीच नाही' म्हणणं अवघड जातं.

बाकीचे झरेही नीट वापरा. देशात पहिल्या आलेल्याकडे पाहून 'हा वेगळ्याच मातीचा' असं वाटतं. आपल्याच तालुक्यातला, आपल्याच माध्यमातला, मागच्या वर्षी दोन पावलं पुढे गेलेला मुलगा शोधा आणि त्याला 'तुझं काय चुकलं होतं' ते विचारा. शब्दांचंही तसंच. 'तू करशीलच रे' पाण्याच्या बुडबुड्यासारखं असतं. 'मागच्या टेस्टमध्ये तू अनुवंशाचे चारही प्रश्न सोडवले' हे टिकतं. शरीराचं पुढे येईलच.

पायरी ३ : वाचू नका, आठवा

"दोन वेळा वाचलं, पण टेस्टमध्ये काही आठवूनच नाही राहिलं." हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो, आणि त्यामागे बुद्धी कमी असल्याची भीती असते. कारण वेगळंच आहे.

रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग यासाठी माहीत असावा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. वाचताना ओळखीचं वाटतं, आणि आपण ओळखीलाच 'येतं' समजतो. परीक्षेच्या हॉलमध्ये हा गैरसमज फुटतो आणि घाम फुटतो तो त्यामुळे.

धडा एकदा वाचा. पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा, आकृती काढा. मग पुस्तक उघडून सुटलेलं दुसऱ्या रंगाच्या पेननं भरा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, मग आठवड्यानं. पहिले काही दिवस वाईट वाटेल, कारण दुसरा रंगच जास्त दिसतो. इथेच बहुतेक जण सोडून देतात. पण हॉलमध्ये आठवेना झाल्यावर काय करायचं, याची ती रोजची तालीम असते, आणि तिला घाबरणारा मुलगा तीन आठवड्यांत घाबरेनासा होतो.

पायरी ४ : जर-तर

ही छोटी आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की 'मी अमुक करेन' या नुसत्या निश्चयापेक्षा 'जर असं झालं, तर मी तसं करेन' असा निश्चय जास्त वेळा पार पडतो. ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

जर डबा संपला, तर फोन हातात न घेता डबा धुऊन थेट जागेवर. जर सलग तीन प्रश्न अडले, तर पेन खाली, दोन लांब श्वास, पुढचं पान. जर रूमवर मित्र 'चल, तर्री पोहे खाऊन येऊ' म्हणाला, तर हातातलं काम संपवून जायचं आणि अर्ध्या तासात परत. (नाहीच जायचं असं लिहू नका. नागपुरात राहून ते पाळलं जात नाही.) तीन-चारपेक्षा जास्त करू नका, लक्षात राहत नाहीत.

पायरी ५ : कमी मार्क पडल्यावरचे दोन तास

मी स्वतः बारावीत असताना ज्या क्लासला जात होतो तिथे दर सोमवारी फळ्यावर सगळ्यांचे क्रमांक लावायचे. माझा खालून सहावा-सातवा असायचा. सोमवारी पोटात कळ यायची, आणि पुढे मी सोमवारी जाणंच बंद केलं. त्या वर्षी रसायनाचे जे धडे सोमवारी झाले ते मला आजही येत नाहीत. स्वतःला शिव्या दिल्या की माणूस सुधारतो, हा आपल्याकडचा जुना समज. प्रत्यक्षात तो टाळायला लागतो.

क्रिस्टीन नेफ यांनी २००३ पासून स्वतःशी सौम्यपणे वागण्याचा अभ्यास केला आहे. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांत पाहिलं की, पहिल्या परीक्षेला चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. माफ करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. चूक बघायची, फक्त बघणारा माणूस शत्रू नको.

पहिला अर्धा तास काहीच करू नका. चाला, तोंड धुवा, चहा घ्या. मग प्रश्नपत्रिका घेऊन बसा. नीटच्या सरावाचा एक खरा कागद सांगतो. ७२० पैकी ४१२. मुलगी म्हणाली, "सर, मला काहीच नाही येत." बरोबर ११३, चूक ४०, सोडलेले २७. (नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ कापला जातो.) चुकलेल्या चाळीसची आम्ही वर्गवारी केली. १४ प्रश्न निव्वळ अंदाजानं मारलेले. ११ मध्ये प्रश्न वाचतानाच घोळ, 'नाही' हा शब्द नजरेतून सुटलेला. खरंच येत नव्हते ते १५. ते १४ कोरे सोडले असते तर १४ गुण वाढले असते. ते ११ नीट वाचले असते तर प्रत्येकी ५ या हिशेबानं ५५. म्हणजे त्याच अभ्यासात ४८१. 'काहीच येत नाही' या वाक्याचं खरं रूप होतं, 'पंधरा येत नाहीत, आणि सत्तावीस बघायचे आहेत'. पुढच्या आठवड्याचं तिचं काम त्यातूनच ठरलं.

शेवटी एक ओळ लिहा : हेच मार्क जवळच्या मैत्रिणीला पडले असते तर तिला मी काय म्हटलं असतं? ते स्वतःला म्हणा.

पायरी ६ : शरीर

मनाचं शास्त्र सांगतोय म्हणून झोपेला बाजूला ठेवता येत नाही. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास लागतात. 'नाईट मारणं' हा आमच्याकडचा मोठा पराक्रम समजला जातो. पहाटे चारला झोपलेला मुलगा सकाळी अकराला डुलत येतो आणि 'लक्षच लागत नाही' म्हणून घाबरतो.

त्यात नीटची वेळ बघा : मे महिन्यातला रविवार, दुपारी २ ते ५. नागपुरात त्या दिवसांत पारा ४५ च्या आसपास असू शकतो. वर्षभर रात्री जागून तयारी करायची आणि पेपर मात्र शरीर सगळ्यात सुस्त असतं त्या वेळी द्यायचा. म्हणून शेवटचे तीन आठवडे तरी सरावपेपर दुपारी दोनलाच सोडवा, हलकं जेवून. होळी झाली की दिवसाची मांडणीही बदला. पहाटे पाच ते अकरा अवघड विषय, भर दुपारी वह्या-आकृत्यांसारखी हलकी कामं आणि थोडी झोप, संध्याकाळी पुन्हा बैठक. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून गणित सुटत नसेल तर दोष उन्हाचा आहे.

रोज अर्धा तास चाला. फुटाळा, अंबाझरी जवळ असेल तर छानच, नाहीतर कॉलनीच्या चार फेऱ्या. आणि श्वास : चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून बाहेर सोडणं लांब ठेवायचं. हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. महिनाभर रोज केलं तरच त्या दिवशी आठवतं.

पायरी ७ : माणसं

दोन माणसं ठरवून ठेवा. एक अडलेलं गणित विचारायला, दुसरं नुसतं ऐकून घ्यायला. दोन्ही कामं एकाच माणसाकडून अपेक्षिली की गडबड होते. रडायला गेलेल्याला वेळापत्रक मिळतं.

घरच्यांचा फोन हा वेगळाच विषय. रोज रात्री नऊला बाबांचा फोन, पहिला प्रश्न, "किती झाला अभ्यास?" त्यांच्या परीनं ती माया असते, पण पोराला ती हजेरी वाटते. मुलांनी स्वतः सांगावं : "बाबा, मार्कांचं आपण रविवारी बोलू. रोज फक्त दहा मिनिटं घरचं सांगा." बहुतेक बाप ऐकतात. एका आईनं तर दुसऱ्या दिवसापासून "जेवला का रे?" आणि म्हशीनं आज किती दूध दिलं, एवढंच बोलायला सुरुवात केली. पोरगा म्हणाला, आता मीच फोनची वाट पाहतो. पालकांनी 'आम्ही तुझ्यासाठीच तर करून राहिलो' हे वाक्य परीक्षेच्या तीन महिने आधीपासून बंद ठेवावं. मुलाला ते माहीत असतं, रात्री झोप न लागण्याचं कारण बहुधा तेच असतं.

मार्क टाकायचे जे ग्रुप मोबाईलवर असतात, त्यांतून बाहेर पडा. नोट्सचा ग्रुप ठेवा.

हे पुरेसं नसेल तेव्हा

दोन आठवडे सलग झोप किंवा भूक उडालेली, कशातच मन नाही, वारंवार रडू येतं, छातीत धडधड होऊन हात-पाय गार पडतात, असं असेल तर वरच्या पायऱ्यांवर अडून राहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे 'वेडं' ठरलं, असं काही नसतं.

मित्र 'आता जगून काय करू' अशा अर्थाचं बोलला, वस्तू वाटून टाकायला लागला, तर त्याला सरळ विचारा : "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि त्याच्यासमोरच वरचा नंबर लावा. कुणाला सांगू नको अशी शपथ घातली असेल, तर ती मोडा.

पेपरचा दिवस

केंद्रावर वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचा, पण गेटसमोर घोळक्यात उभं राहून सूत्रं विचारू नका. सावली बघून बाजूला बसा. दहा मिनिटं मिळत असतील तर एका कागदावर, 'मला या क्षणी कशाची भीती वाटते' ते लिहून काढा आणि कागद टाकून द्या. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये पाहिलं की परीक्षेआधी असं लिहिल्यानं, विशेषतः घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारली. काळजी मनात जी जागा अडवून बसते ती मोकळी होते.

छाती धडधडली की 'शांत हो' म्हणू नका, धडधडणारी छाती ऐकत नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की 'मी घाबरलोय'ऐवजी 'मी जोशात आहे' असं स्वतःला सांगणाऱ्यांचं काम जास्त चांगलं झालं. शरीराची अवस्था दोन्हींत सारखीच असते, नाव तेवढं बदलायचं. बंडुरांचा चौथा झरा तो हा.

पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं फक्त येणारेच प्रश्न. पहिलाच प्रश्न अडला तर त्याला खूण करून पुढे. पेपर संपल्यावर उत्तरं जुळवत उभं राहू नका, विशेषतः बारावीला, दोन दिवसांनी दुसरा पेपर असतो तेव्हा. रूमवर या, पाणी प्या, जेवा, तासभर झोपा. उठल्यावर 'झालं वही' काढा आणि त्या दिवसाची पहिली ओळ लिहा : आज पेपर दिला.